राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी

विश्रामबागच्या वालचंद महाविद्यालयातून बाहेर पडलेला मुलगा पुण्यास किंवा बंगळुरूस नोकरीला लागला, की घरच्यांच्या दृष्टीने एक प्रश्न कायमचा मिटला, असे मानण्याची आपल्याकडे रीत होती. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० हून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा ही समजूत अनेक घरांत डळमळली.

उद्योगात चढउतार असायचेच. मागणी घटते, तंत्र बदलते, आणि माणसे कमी करण्याचा मालकाचा अधिकार कायद्यानेही सरसकट नाकारलेला नाही. प्रश्न आहे तो रीतीचा. अनेक खासगी आस्थापनांत हल्ली कपातीला कपात म्हटलेच जात नाही. कर्मचाऱ्याला एका खोलीत बोलावून घेतात. ‘काढून टाकल्याची नोंद तुमच्या नावावर नको, तुम्हीच राजीनामा द्या,’ असे मोठ्या आपुलकीने सांगितले जाते. नाहीतर एखादे ‘पर्यायी’ पद पुढे केले जाते. ते असते दूरच्या राज्यात, रात्रपाळीचे, दोन पायऱ्या खालचे आणि कमी पगाराचे. उत्तर मात्र दोन दिवसांत हवे असते. नकार दिला, की नोंद होते : काम देऊ केले होते, कर्मचाऱ्यानेच स्वीकारले नाही.

आणि नेमक्या याच क्षणी आपला मध्यमवर्गीय स्वभाव मालकाच्या मदतीला धावून जातो. मुलगा महिनाभर घरी काही बोलत नाही. बोललाच, तर वडील म्हणतात, कशाला वाद वाढवायचा, सही करून मोकळा हो. नातेवाइकांत चर्चा नको, जमत आलेल्या लग्नात विघ्न नको. अब्रू राखण्याची ही धडपड समजण्यासारखी असली, तरी तिची किंमत फार मोठी आहे. स्वेच्छेने दिलेला राजीनामा कायद्याच्या दृष्टीने कपात ठरत नाही. त्या एका सहीबरोबर कपातीची सूचना, नुकसानभरपाई आणि पुढे भरती झाल्यास अग्रक्रमाचा हक्क, सारेच निघून जाते.

हे हक्क कोणी दयेपोटी दिलेले नाहीत. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील दोन वॉर्डसेविकांचे प्रकरण या संदर्भात आवर्जून आठवावे. दुसऱ्या सरकारी खात्यातून कमी झालेल्यांची सोय लावण्यासाठी या दोघींना दूर करण्यात आले, आणि तेही कायद्याने ठरवलेली भरपाई त्या वेळी हाती न देता. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला, तेव्हा मुंबई राज्याचे सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६० साली न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निकालपत्र लिहिले. न्यायमूर्ती मूळचे आपल्या साताऱ्याचे. रुग्णालय हा ‘उद्योग’ आहे काय, या चर्चेसाठी तो निकाल प्रसिद्ध आहे. परंतु त्यातील दुसरा मुद्दा सामान्य नोकरदाराच्या अधिक उपयोगाचा आहे. भरपाई देणे ही कपातीनंतरची औपचारिकता नसून कपातीची पूर्वअट आहे; ती पाळली नाही, तर कपातच अवैध ठरते. समोर प्रत्यक्ष सरकार असूनही दोन सेविकांची बाजू टिकली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा मागे पडला. संहितेतील काही तरतुदींवर भारतीय मजदूर संघाने आक्षेप नोंदवले, आणि ते रास्तच होते. पूर्वपरवानगीविना कपात करण्याची कारखान्यांची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेणे हे कामगाराच्या हिताचे कसे म्हणावे? तथापि मूळ अटी कायम आहेत. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगारास एक महिन्याची लेखी सूचना अथवा तितके वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन कपातीच्या वेळीच दिले पाहिजे. नवे कौशल्य शिकण्यासाठी आणखी १५ दिवसांचे वेतन ४५ दिवसांत खात्यात जमा व्हावे, अशी भरही संहितेने घातली आहे.

‘आमचा मुलगा मॅनेजर, तो कामगार कसा?’ असा प्रश्न येथे कोणी विचारील. पदनामावर जाऊ नये. हाताखाली माणसे नाहीत, रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही, दिवसभर स्वतःच संगणकावर काम करतो, अशा माणसाच्या बाबतीत न्यायालये प्रत्यक्ष काम पाहतात, दारावरची पाटी नव्हे.

आता पर्यायी कामाविषयी. तात्पुरते काम बंद ठेवल्याच्या काळातील भरपाईपुरता का होईना, जुन्या कायद्याने एक मापदंड घालून दिला होता. देऊ केलेले काम त्याच मालकाचे, त्याच गावात किंवा पाच मैलांच्या आत, पूर्वीइतक्याच वेतनाचे आणि वेगळ्या कौशल्याची वा पूर्वानुभवाची गरज नसलेले असेल, तरच ते नाकारणाऱ्याची भरपाई बुडत असे. कपातीला तो नियम थेट लागू होत नाही, पण योग्य प्रस्ताव कोणता हे जोखायला त्याहून सरळ कसोटी नाही. म्हणून प्रस्तावाला रागाने ‘नाही’ म्हणू नये आणि घाबरून ‘हो’ही म्हणू नये. ठिकाण, पद, वेतन, पाळी आणि मागील सेवा धरली जाणार की नाही, हे लेखी विचारावे. नकार द्यायचाच, तर कारणासहित लेखी द्यावा आणि मूळ पदावर काम करण्याची तयारी त्याच पत्रात नोंदवावी.

इतका कागदांचा आग्रह कशासाठी? मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीने १९९२ साली केलेली कपात कायद्याच्या अटी न पाळल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली, ती २०१५ मध्ये. कामगार जिंकले, पण २३ वर्षांनी. त्यांच्यामागे संघटना होती. एकट्या नोकरदारापाशी नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि त्या खोलीतील संभाषणानंतर त्याच दिवशी पाठवलेले पत्र, एवढेच असते. कंपनीचा ई-मेल बंद होण्याआधी या कागदांच्या प्रती स्वतःपाशी घेऊन ठेवाव्यात. पुण्यातील नोकरीची तक्रार पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयातच करावी लागते. तेव्हा सामान बांधून विश्रामबागेत परतण्याआधीच तो अर्ज दाखल झालेला असावा.