फॉरवर्ड करण्याआधी राईनपाडा आठवा

‘सावधान! आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी फिरतेय.’ दर वर्ष-दोन वर्षांनी असा मेसेज कॉलेजच्या, गल्लीच्या नाहीतर गावाकडच्या ग्रुपवर येतोच. सोबत एखादा धूसर फोटो किंवा घाबऱ्या आवाजातली व्हॉइस नोट. ‘खरं-खोटं देव जाणे, पण सावध केलेलं बरं,’ म्हणत आपण तो पुढे ढकलतो. हेतू वाईट नसतोच. पण अशा सावध करण्याची किंमत आपल्या सोलापूर जिल्ह्याने मोजलेली आहे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. पोटासाठी भटकत तिथे पोचलेल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पुन्हा मारलं. पाचही जण गेले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसं, त्यातली बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली.

त्या काळात देशभर एक क्लिप फिरत होती. मोटारसायकलवर दोघं येतात, रस्त्यावर खेळणारं पोर उचलतात आणि पसार होतात. मूळ व्हिडिओ पाकिस्तानातल्या कराचीचा, जनजागृतीसाठी बनवलेला. त्यात शेवटी ते दोघं परत येतात, मूल सोडतात आणि एक फलक दाखवतात. कुणीतरी नेमका तेवढा शेवट कापला. बाकी काहीच बदललं नाही! बातमीतही असंच होतं. प्रत्येक वाक्य खरं असूनही एक भाग गाळला की अख्खी बातमी खोटी ठरते.

आता समजा, तुम्ही एखाद्या पेपरच्या डेस्कवर आहात, किंवा तुमचं ‘आपलं गाव अपडेट्स’सारखं इन्स्टा पेज आहे. रात्री नऊ वाजता टोळीचा मेसेज आला. काय कराल?

‘टोळी सक्रिय?’ असं प्रश्नचिन्ह लावून टाकणं सोपं. व्ह्यूज मिळतात आणि ‘आम्ही फक्त विचारलं’ म्हणून हातही झटकता येतात. पण वाचणारा प्रश्नचिन्ह विसरतो, टोळी लक्षात ठेवतो. दुसरी बाजूही आहे. खरंच एखादं मूल हरवलं असेल आणि तुम्ही गप्प बसलात, तर तीही चूकच. म्हणून आधी पोलिस ठाण्यात फोन लावायचा. कुठल्या गावात, कधी, तक्रार नोंदवली आहे का, हे विचारायचं. तक्रार नसेल तर ‘टोळीची अफवा’ असा मथळा देण्यापेक्षा ‘मूल पळवल्याची एकही तक्रार नाही : पोलिस’ असा द्या. खरी माहिती पुढे, अफवा मागे. तोवर दुसऱ्या पेजने ‘ब्रेकिंग’ टाकलेलं असेल. टाकू दे.

मारहाणीच्या व्हिडिओचं काय? राईनपाड्यात लोक मोबाईलवर शूटिंग करत होते आणि त्याच व्हिडिओंवरून पोलिसांनी आरोपी शोधले. म्हणजे व्हिडिओ महत्त्वाचा आहेच, पण पुरावा म्हणून. त्याची जागा तपास अधिकाऱ्याकडे, ग्रुपवर नाही. मरणाऱ्या माणसाचा चेहरा त्याच्या पोरांना रीलमध्ये दिसावा, यात कसलं लोकशिक्षण?

आणि एक शब्द जपून वापरा : ‘संशयित’. संशय कुणावर येतो? अनोळखी भाषा, वेगळा वेश, पालात राहणं, एवढंही कारण पुरतं. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं आणि त्यांना डांबायला आपल्याच शहरात तारेच्या कुंपणाची वसाहत होती. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, ‘सेटलमेंट’ हे नाव मात्र अजून आपल्या तोंडी आहे. शिक्का पुसायला किती पिढ्या लागतात, ते यावरून समजा.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलैला झुंडबळी रोखण्यासाठी सरकारांना निर्देश दिले. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात, विजापूरहून पंढरपूरकडे निघालेल्या साधूंना याच संशयावरून मार खावा लागला. सुदैवाने ते वाचले.

म्हणजे मर्यादा आणि निर्देश पुरेसे नाहीत. पत्रकारितेत जाणार नसाल, तरी ग्रुपचे ॲडमिन तुम्हीच आहात आणि घरातल्या मोठ्यांच्या फोनवर काय खरं, काय खोटं हे सांगणारेही तुम्हीच. पुढच्या वेळी ‘सावधान!’ आलं की कुठे, कधी, कोण म्हणतंय, एवढे तीन प्रश्न त्याच ग्रुपवर विचारा. उत्तर येईपर्यंत मेसेज पुढे पाठवू नका. कुणी ‘फार शहाणा झालास’ म्हणेल. ऐकून घ्या.