चूक कुठे करू द्यायची?

पनवेलहून रोह्याला जाणारी गाडी पेणवरून जाते. पेणला गणपतीचे कारखाने आहेत, रोह्याला धाटाव एमआयडीसीत रसायनांचे. दोन्हीकडे नवी मुले कामाला लागतात आणि दोन्हीकडे त्यांना शिकवावे लागते. तंत्रशिक्षणात आपण ‘कृतीतून शिक्षण’ हा शब्द इतका सरसकट वापरतो, की या दोन्ही ठिकाणचे शिकणे एकच मानले जाते. ते एक नाही. अध्यापनपद्धती विषयाच्या नावावरून ठरवू नये, शिकणाऱ्याची चूक किती महाग पडते यावरून ठरवावी, असे आमचे ठाम मत आहे.

पेण आणि जवळच्या हमरापूर-जोहे भागातल्या कारखान्यात नवा मुलगा आला की त्याला कोणी फळ्यासमोर बसवत नाही. त्याच्या हाती पॉलिश पेपर येतो. साच्यातून निघालेल्या मूर्तीवरची सांध्याची रेघ घासायची, बारीक भोके बुजवायची. हात बसला की पांढरा रंग, मग अंगाचा रंग, मग सोवळे-शेला, मग दागिने. डोळ्यांची आखणी मात्र मुरलेल्या कारागिराकडेच राहते. घासताना चुकले तर पुन्हा भरून घासता येते. डोळा तिरका गेला तर आधीच्या सगळ्या हातांची मेहनत त्या चेहऱ्यापाशी अडते. शिवाय पहिल्या दिवसापासून पूर्ण झालेली मूर्ती त्या मुलासमोर असते. आपण नीट न घासलेली रेघ रंगाखालून कशी वर येते, हे त्याला त्याच छपराखाली कळते.

मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांना लायबेरियातल्या शिंप्यांकडे असेच काही दिसले. तिथला शिकाऊ आधी बटणे आणि कडा शिवतो, मग शिलाईकडे जातो, आणि कापड बेतायला सर्वांत शेवटी शिकतो. कपडा तयार होण्याच्या उलट क्रमाने तो शिकतो, कारण कातर चुकली तर कापडच वाया जाते. १९९१ साली एतिएन वेंगर यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात लेव्ह यांनी अशा निरीक्षणांवर शिकण्याची एक उपपत्ती उभी केली. पेणमधला क्रम वेगळा आहे, पण महाग चूक शेवटी ठेवायची हे तत्त्व तेच. आपल्या पदविका अभ्यासक्रमात विषयाच्या तर्काला जागा आहे, या तत्त्वाला नाही.

पेणच्या शिक्षणात एक उणीव आहे, आणि ती तंत्रशिक्षकाने ओळखली पाहिजे. तिथे ‘कसे’ हातातून हातात जाते, ‘का’ क्वचितच बोलले जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या आणि प्लास्टर सोडून शाडूकडे वळण्याचा प्रश्न अधिक निकडीचा झाला. प्लास्टर पाण्याशी संयोग पावून काही मिनिटांत घट्ट होते. शाडू मात्र पाणी सोडत कित्येक दिवस वाळते, वाळताना आकसते, आणि जाड-पातळ भाग असमान वाळले की तडकते. प्लास्टरवर बसलेला हात इथे पुरत नाही. माल बदलला की कारण माहीत असलेला कारागीर लवकर सावरतो.

आता धाटावला या. एओसीपी, म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हा ट्रेड केलेला मुलगा ॲप्रेंटिस म्हणून रिॲक्टरपाशी उभा आहे. उष्णता सोडणारी प्रक्रिया चालू आहे. ढोबळमानाने तापमान दहा अंशांनी वाढले की प्रक्रियेचा वेग दुप्पट होतो, म्हणजे उष्णताही दुप्पट वेगाने तयार होते. थंडावा देणारे जॅकेट मात्र फक्त तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात उष्णता काढू शकते. एका टप्प्यानंतर ही शर्यत हरलेलीच असते. या मुलाला ‘चुकत चुकत शिक’ असे सांगता येणार नाही.

जॉन स्वेलर यांचे १९८० च्या दशकापासूनचे संशोधन इथे कामाचे आहे. नवशिक्याच्या कार्यस्मृतीत एका वेळी फार थोडे मावते, म्हणून त्याला आधी सोडवलेली उदाहरणे टप्प्याटप्प्याने दाखवावीत आणि आधार हळूहळू काढून घ्यावा. याच्या विरोधात मनू कपूर यांचे काम मांडले जाते. त्यांनी २००८ मध्ये भारतातल्याच अकरावीच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात, आधी अवघड प्रश्नाशी झुंजून अडखळलेली मुले पुढे अधिक चांगले शिकलेली आढळली. आमच्या मते हा वाद दिसतो तितका टोकाचा नाही. कपूर यांची मुले कागदावर चुकत होती, आणि कागदावरची चूक फुकट असते.

रासायनिक उद्योगाला हे ठाऊक आहे. नवा प्लांट सुरू करताना खरा माल घालण्याआधी वॉटर ट्रायल घेतात: गळती, उलटा व्हॉल्व्ह, चुकीचा मीटर, जे काही चुकायचे ते पाण्यावर चुकू दे. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेत टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात युनिट सुरू करताना मनोरा प्रमाणाबाहेर भरला आणि स्फोटात १५ माणसे मेली. चौकशी अहवालाने जी अनेक कारणे नोंदवली, त्यांत असाधारण परिस्थितीसाठी ऑपरेटरना सिम्युलेटरवर सराव नव्हता हेही होते. चुकायची जागाच दिली नव्हती, म्हणून चूक खऱ्या मनोऱ्यावर झाली.

आपल्या प्रयोगशाळांत काय चालते? गेल्या वर्षीच्या जर्नलवरून रीडिंग उतरवली जातात, आलेख सरळ ‘आणला’ जातो, ओरलला पाठ केलेली व्याख्या चालते. जिथे चूक सर्वांत स्वस्त आहे, तिथेच आपण ती लपवायला शिकवतो. मग तोच मुलगा प्लांटमध्ये लॉगशीटवर मागच्या तासाचा आकडा पुन्हा लिहितो. ही सवय त्याला आपण लावली आहे, कारखान्याने नव्हे.

येत्या सत्रात प्रत्येक शिक्षकाने आपल्या विषयातला निदान एक प्रयोग बदलावा. हीट एक्स्चेंजरचा एक व्हॉल्व्ह मुद्दाम अर्धा बंद ठेवा, सर्किटमध्ये एक सैल जोड द्या, आणि दोष शोधण्याला व त्याचे कारण लिहिण्याला गुण द्या. बिघडलेले रीडिंग खोडू देऊ नका. त्याखाली स्पष्टीकरण मागा. असा प्रयोग घेतलात तर मुलांचे काय चुकले आणि त्यांनी ते कसे शोधले, हे आम्हाला लिहून पाठवा. ते आम्ही छापू.