सहभागितेची ओढ

मुंब्र्यापुढचे दिवा स्थानक हे आम्हां मराठी ख्रिस्ती जनांस लाजविणारे स्थळ आहे. येथून एक लोहमार्ग भिवंडीवरून वसईस जातो, दुसरा पनवेलवरून कोकणात उतरतो व तिसरा कल्याणाकडे धावतो. वसईच्या अंगास पोर्तुगीज अमदानीपासूनचे रोमन कॅथलिक. कल्याणाचे नाव धारण करणारा, १९८८ साली स्थापन झालेला केरळीयांचा सिरो-मलबार धर्मप्रांत. आणि घाटापलीकडे नगरच्या बाजूस अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील प्रॉटेस्टंट. या सर्व दिशांचे ख्रिस्ती उतारू एकाच डब्यात तासभर खांद्यास खांदा लावून उभे राहतात. एकाच प्रार्थनेत पाव तास बसण्याची मात्र त्यांस इच्छा होत नाही.

असे का, म्हणून विचारावे तर सिद्धांतभेदाकडे बोट दाखविण्यात येते. हे उत्तर आम्हांस मुळीच पटत नाही. रोम व जिनिव्हा यांचा वाद नेमका कशावरून झाला, हे शंभरांतील किती उपासकांस सांगता येईल? जो मतभेद ठाऊकच नाही, त्यापायी आपण दूर राहतो असे म्हणणे ही आत्मवंचना होय. मुंबईचाच इतिहास पाहा. १७९४ पासून १९२८ पर्यंत येथील कॅथलिकांवर पोर्तुगालच्या पाद्रोआदोचा एक व रोमच्या प्रोपागांडाचा एक, असे दोन अधिकार चालत होते. श्रद्धा एक, मिस्सा एक, पोपही एकच. तरी तट दोन! तेव्हा भिंत सिद्धांताची नसते. ती सवयीची, मानापमानाची, आणि खरे बोलावयाचे तर पुष्कळदा जातीचीही असते. धर्म बदलला तरी सोयरीक जुळविताना पूर्वजांची जात विचारणारे लोक सिद्धांताच्या नावाने गळा काढतात, तेव्हा हसावे की रडावे हे कळत नाही.

याच ठाण्यात १३२१ साली काय घडले? तोलेंतीनोचा थॉमस व त्याचे तीन फ्रान्सिस्कन सोबती येथे मारले गेले. त्यापूर्वी या परक्या साधूंना आसरा दिला तो येथील नेस्टोरियन ख्रिस्त्यांनी. त्यांची घरे अवघी पंधरा होती. पुढे त्या साधूंच्या अस्थी नेण्यास आलेल्या ओदोरिकने त्याच पंधरा घरांची नोंद पाखंडी म्हणून केली आहे! ज्यांनी दार उघडले त्यांच्या कपाळी हा शिक्का बसला. आम्ही विचारतो, त्या दिवशी ख्रिस्ताचे मत कोणास अधिक कळले होते?

कोणी म्हणेल, आता हे सर्व मिटले आहे. १९६४ साली व्हॅटिकन परिषदेने ऐक्याचा ठराव केला, १९७० साली नागपुरास सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, आणि दर जानेवारीत ऐक्यासाठी प्रार्थनासप्ताह असतो. या गोष्टींचे मोल आम्ही जाणतो. परंतु ठरावाने संस्था जुळतात. ओढ उत्पन्न होत नाही. आठ दिवसांचे सौजन्य म्हणजे उरलेल्या तीनशे सत्तावन्न दिवसांची माफी नव्हे.

दुसरे भितात की, मुले शेजारच्या देवळात गेली तर आपले सोडतील. जी श्रद्धा शेजाऱ्याच्या ओळखीने ढासळते, ती श्रद्धा नव्हे; ते केवळ अज्ञान होय.

मग ओढ लागावी कशी? परिचयाने. आणि परिचयाचे साधन आपल्या भाषेतच सिद्ध आहे. फादर स्टीफन्स या जेझुइटाचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. रेव्हरंड टिळक या प्रॉटेस्टंटाने आरंभिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पुरे केले. एकाच प्रभूवरची, एकाच भाषेतली ही दोन काव्ये. पण पहिले किती प्रॉटेस्टंट घरांत आहे, व दुसरे किती कॅथलिक घरांत? मराठी सारस्वताने हा भेद मानला नाही. वसईच्या फादर दिब्रिटोंस २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देताना त्यांचा पंथ कोणी विचारला नाही. जे औदार्य साहित्यिकांस साधले, ते एका प्रभूच्या लेकरांस साधू नये काय?

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. शेजारच्या मंडळीतील आजाऱ्यास भेटा, त्यांच्या मृतास खांदा द्या, त्यांचे काव्य आपल्या घरी वाचा. भूक लागेपर्यंत थांबू नका; ही भूक पंक्तीस बसल्यावरच लागते.