गणिताच्या गप्पा : दोघांना एकदमच सहा!

रात्री गावाच्या एका टोकाला कुत्रं भुंकलं तर कुणी उठत नाही. वाऱ्यानं पत्रा वाजला असेल, मांजर गेलं असेल. पण त्याच क्षणी दुसऱ्या टोकाचं कुत्रंही भुंकलं तर? आजोबा म्हणतात, "उठा रे, कुणीतरी आलंय!" आजी म्हणते, "झोपा हो, योगायोग असेल."

खरं कुणाचं? भांडू नका, मोजा!

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारायला केंद्र सरकारनं एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात 4-4 किलोमीटर लांबीचे दोन बाहू आणि त्यांतून धावणारा लेसर किरण. दूर अंतराळात दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की गुरुत्वलहरी निघतात, त्या इथं टिपायच्या. पण लहर इतकी क्षीण, की बाहूच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनहूनही कितीतरी लहान! उलट जवळून ट्रक गेला तरी असं यंत्र थरथरतं. म्हणजे हे कुत्रं उगाचच फार भुंकणारं.

अमेरिकेत अशी दोन यंत्रं सुमारे 3000 किलोमीटर अंतरावर आहेत. 14 सप्टेंबर 2015 ला दोन्ही जवळजवळ एकदमच थरथरली. सेकंदाच्या हजाराव्या भागाला एक धरलं तर फरक फक्त 7 चा! लहर, की योगायोग? शास्त्रज्ञांनी हे कसं ठरवलं, ते घरीच करून बघू.

लुडोचे दोन फासे घ्या. तुम्ही एका खोलीत, ताई दुसऱ्या खोलीत. प्रत्येकानं 60 वेळा फासा टाकायचा आणि आकडे एकाखाली एक लिहायचे. मग कागद शेजारी ठेवा. एकाच ओळीत दोघांनाही सहा किती वेळा पडले? एकाला सहा पडण्याची शक्यता 1/6. दोघांना एकदम पडण्याची 1/6 × 1/6, म्हणजे 1/36. तेव्हा 60 ओळींत साधारण एक-दोनदा.

आता खरी गंमत. ताईचा कागद एक ओळ खाली सरकवा, तिचा शेवटचा आकडा सगळ्यात वर धरा आणि पुन्हा मोजा. आता जे जुळेल तो निव्वळ योगायोग, कारण हे फासे मुळी एका वेळी पडलेच नव्हते! आणखी एक ओळ सरकवा. फासा न टाकता 59 नवे डाव मिळतात की नाही?

शास्त्रज्ञांनी हेच केलं. 16 दिवसांच्या नोंदी एकमेकींवर सरकवून सरकवून लाखो वर्षांचे योगायोग मोजले. इतकी ठळक जुळणी नुसत्या योगायोगानं 2 लाख 3 हजार वर्षांत एकदाही होईल, असं दिसेना. (म्हणून ती उद्या होणारच नाही, असं मात्र नव्हे हं! पण अवघ्या 16 दिवसांत? कठीणच.)

एक मेख आहे. गुणाकार चालतो तो ताईनं तुमच्या कागदात डोकावलं नाही तरच. एकाच गडगडाटानं दोन्ही कुत्री भुंकली, तर हिशेब कोलमडला. म्हणून तर यंत्रं इतकी लांब ठेवतात.

इटली आणि जपानमध्येही अशी यंत्रं आहेत, त्यांत पुढे औंढ्याची भर पडेल. तोवर तिसरा भिडू घ्या. तिघांनाही एकदम सहा पडायला 60 डाव पुरतील का? आधी कागदावर अंदाज लिहा, मगच फासा टाका.