अपघातानंतरचे पहिले वाक्य

वाहन परवाना हाती येऊन जेमतेम दोन-तीन महिने झालेला अठरा वर्षांचा मुलगा वडिलांची मोटार घेऊन घराबाहेर पडतो. चौकात सिग्नल बदलण्याच्या बेतात असताना तो उजवीकडे वळतो आणि समोरून येणारी दुचाकी मोटारीच्या डाव्या दारावर आदळते. दुचाकीस्वार पडतो, त्याचा पाय दुखावतो. मिनिटभरात पंचवीस माणसे जमतात. त्यांतल्या निम्म्यांनी अपघात पाहिलेला नसतो, पण निकाल मात्र सर्वांच्या ओठांवर असतो : चूक मोठ्या गाडीची! मुलाची खात्री असते की, सिग्नल आपलाच होता. दुचाकीस्वाराचीही तशीच खात्री असते. विशेष म्हणजे दोघांपैकी कोणीही त्या क्षणी खोटे बोलत नसतो. निमिषार्धात घडून गेलेल्या गोष्टीचे चित्र ज्याचे त्याचे मन आपल्या सोयीने पूर्ण करून घेते. कोणीतरी मोटारीची किल्ली काढून घेतो, कोणीतरी मुलाची कॉलर धरतो. तो थरथरत्या हातांनी मोबाइल काढतो आणि घरी फोन लावतो.

पलीकडून येणारे पहिले वाक्य कोणते असते?

‘‘कोणाला किती लागले आहे? आधी त्याला दवाखान्यात न्यायची व्यवस्था कर, मी निघालोच’’ हे एक वाक्य असू शकते. ‘‘कोणाला काही बोलू नकोस, जमले तर तिथून निघ, बाकीचे मी बघतो’’ हे दुसरे. दोन्ही वाक्यांच्या मुळाशी अपत्यप्रेमच आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पहिल्या वाक्याने मुलगा त्या प्रसंगात जबाबदार माणूस म्हणून उभा राहतो, तर दुसऱ्याने तो त्याच क्षणी लपवून ठेवण्याची वस्तू होऊन बसतो. संस्कारांविषयी आपण पुष्कळ बोलतो. शिबिरांत बौद्धिके होतात, पालक मेळावे भरतात. त्या सर्वांची परीक्षा अशा एका फोनमध्ये, पाच-दहा सेकंदांत होऊन जाते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये जे घडले, त्याची वर्णने सर्वांनी वाचली आहेत. सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती असलेल्या महागड्या मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. काही तासांतच बाल न्याय मंडळाने तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीसह जामीन दिला आणि देशभर संतापाची लाट उसळली. तो निबंध चेष्टेचा विषय झाला, ते स्वाभाविकच होते. पण निबंधाच्या गदारोळात त्याहून गंभीर बाब अनेकांच्या नजरेतून निसटली. मोटार मुलगा नव्हे, तर घरचा चालक चालवत होता, असे चित्र उभे करण्यासाठी त्या चालकाला डांबून ठेवल्याच्या आरोपावरून मुलाच्या वडिलांना आणि आजोबांना अटक झाली. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील दोन डॉक्टरांना अटक झाली आणि मुलाच्या नमुन्याच्या जागी आपले रक्त दिल्याच्या आरोपावरून त्याची आईही कोठडीत गेली. या आरोपांचा निर्णय न्यायालयच करील. पण पोलिसांनी मांडलेली घटनाक्रमाची साखळी नुसती डोळ्यांपुढे आणली, तरी अंगावर काटा येतो. वडील, आजोबा, आई अशा तीन नात्यांची सारी शक्ती एका मुलाला त्याच्या कृत्यापासून दूर नेण्यासाठी खर्च झाल्याचा हा आरोप आहे.

पुढे दोन महिनेही उलटले नाहीत, तोच ७ जुलै २०२४ रोजी मुंबईत वरळी येथे मोटारीने एका दांपत्याच्या दुचाकीला धडक दिली आणि त्यातील पत्नीचा मृत्यू झाला. चोवीस वर्षांचा आरोपी तरुण दोन दिवसांनी सापडला. धडकेनंतर त्याने आणि चालकाने जागा बदलल्या, असे पोलिसांचे म्हणणे. त्याचे वडील त्या वेळी राज्यात सत्तेत असलेल्या पक्षाचे पदाधिकारी होते. हा उल्लेख अप्रिय वाटला, तरी टाळता येत नाही. विरोधी पक्षातील माणसाच्या बाबतीत आपण ज्या गोष्टीवर अग्रलेख लिहितो, ती मित्रपक्षातील माणसाच्या बाबतीत घडली म्हणून गिळून टाकायची, हा न्याय नव्हे.

ही श्रीमंतांची, धनदांडग्यांची उदाहरणे झाली. आपल्या मध्यमवर्गीय घरांचा त्यांच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. आपल्याकडे कोट्यवधींची मोटार नसते. पण ‘आपला माणूस’ असतो. अपघाताचा फोन येताच वडील पायांत चपला सरकवतात आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने मोबाइलमधील क्रमांक शोधू लागतात. प्रभागातला नगरसेवक, कार्यालयातील कोणाचा मेहुणा, शाखेत येणारा एखादा निवृत्त पोलीस अधिकारी. भेदरलेल्या मुलाजवळ कोणी जाणते माणूस असावे, जमावाने त्याला मारहाण करू नये, कागदपत्रे नीट व्हावीत, यासाठी ओळखीच्या माणसाला बोलावणे यात गैर काही नाही. अनेक कार्यकर्ते अशा वेळी रात्री-अपरात्री धावून जातात, ते चांगलेच करतात. पण त्याच फोनवर ‘‘जरा बघा, नाव येऊ देऊ नका’’ अशी पुस्ती जोडली जाते, तेव्हा आपल्यात आणि कल्याणीनगरच्या प्रकरणातील आरोपांत फरक उरतो तो केवळ रकमेचा. ज्याला फोन जातो त्या कार्यकर्त्याची कसोटी वडिलांपेक्षाही अवघड आहे, कारण नाही म्हटले तर वर्षानुवर्षांचे घरोब्याचे संबंध दुखावतात.

पुष्कळदा खोटे बोलण्यामागे भीती असते आणि भीतीमागे अज्ञान असते. कायदा अनेकांना वाटतो तितका आंधळा नाही. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाने जखमीला उपचार मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य ठरवले आहे. परंतु जमावाच्या प्रक्षोभामुळे ते अशक्य झाले, तर त्याला सूटही दिली आहे. जीव वाचवण्यासाठी घटनास्थळावरून दूर होणारा आणि पळून जाणारा यांतला भेद कायदा जाणतो. दूर गेलेल्याने शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांच्या आत पोलीस ठाण्यात जाऊन घडले ते सांगायचे असते. आणि विमा कंपनीला लेखी कळवायचे असते, हे तर फार थोड्यांना ठाऊक असते.

चूक नेहमी मोठ्या वाहनाचीच, हा रस्त्यावरचा न्याय आहे, न्यायालयाचा नव्हे. मोटार अपघात न्यायाधिकरण दोष दोन्ही बाजूंत विभागू शकते आणि त्या प्रमाणात भरपाई कमी होऊ शकते. इतकेच काय, २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना स्कूटर चालवणाऱ्या एका अल्पवयीन मुलाच्या दाव्यात असे सांगितले की, परवाना नव्हता एवढ्यावरून अपघाताचा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही; दोष घटनेतूनच सिद्ध व्हावा लागेल. परवाना नसणे हा वेगळा अपराध, त्याची शिक्षा वेगळी. तेव्हा सत्य सांगणे म्हणजे जमाव म्हणेल ते कबूल करणे नव्हे. वाहने हलवण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घेणे, खरोखर पाहिलेल्या एक-दोघांची नावे लिहून घेणे, चौकात कॅमेरा असल्यास त्याचे चित्रण जपून ठेवण्याची लेखी विनंती करणे, पंचनामा वाचल्याशिवाय स्वाक्षरी न करणे हे सारे सत्याच्याच बाजूचे आहे. उलट घाबरून रस्त्यावरच हजारोंच्या नोटा मोजून ‘मिटवणारा’ पुढच्या आठवड्यात आणखी मागणी आल्यावर हतबल होतो.

अल्पवयीन मुलांबाबत मात्र २०१९ च्या दुरुस्तीने पालकांना कोणतीही पळवाट ठेवलेली नाही. मुलाने गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे त्याने सिद्ध करायचे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. तरीही दहावीच्या शिकवणीला गियरची दुचाकी घेऊन जाणारी मुले प्रत्येक गावात दिसतात आणि ‘‘आमचा बंड्या सातवीपासून गाडी चालवतो’’ असे कौतुकाने सांगितले जाते! २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यापुढे हे कौतुक फार महागात पडणारे आहे.

इंदूरच्या राजवाड्याजवळ आडा बाजार नावाचा भाग आहे. त्या नावामागे एक लोककथा सांगतात. मालेरावाच्या रथाखाली एक वासरू चिरडले गेले. अहिल्यादेवींनी आपल्या एकुलत्या पुत्राला त्याच शिक्षेसाठी रस्त्यावर आणवले आणि कोणी सारथी धजेना, तेव्हा रथाचे लगाम स्वतः हाती घेतले. पण वासराची आई, ती गाय पुन्हा पुन्हा रथाला आडवी आली. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकणार नाही. परंतु दूर दक्षिणेत, तिरुवारूरच्या चोळ राजाविषयी तमिळ जनमानसात हीच कथा शतकानुशतके नांदते आहे. तिथेही वासरू अचानक चाकांखाली येते, राजपुत्राच्या मनात पाप नसते. मंत्री प्रायश्चित्ताचा मार्ग सुचवतात आणि राजा तो नाकारतो. भाषा वेगळी, प्रांत वेगळा. पण राज्यकर्त्याची परीक्षा घेण्यासाठी दोन्हीकडच्या समाजाने निवडला तो प्रसंग एकच : वाहन आपल्या मुलाच्या हाती, आणि खाली आलेला दुसऱ्याचा जीव. आजच्या बापाला कोणी रथ हाकायला सांगत नाही. त्याने फक्त पोलीस ठाण्यातल्या बाकावर मुलाच्या शेजारी बसायचे आहे.

चौकातल्या त्या मुलाकडे पुन्हा वळू. वडील आले. जखमीला रिक्षातून आधीच दवाखान्यात नेले होते. दोघे तिथे गेले. ‘भेटायला जाऊ नका, कबुली समजली जाईल’ असा सल्ला वाटेत फोनवर मिळाला होता, तरी गेले. पायाच्या हाडाला तडा होता. संध्याकाळी पोलीस ठाण्यात जबाब लिहून देताना मुलगा अडला. सकाळी चौकात त्याने सिग्नल हिरवा होता असे सांगितले होते. आता शांतपणे आठवताना तो हिरवा नव्हता, पिवळा झाला होता, आणि समोरची दुचाकीही थांबण्याऐवजी वेगाने पुढे आली होती. त्याने वडिलांकडे पाहिले. वडील म्हणाले, ‘‘जसे आठवते तसेच लिही.’’ त्याने दोन्ही गोष्टी लिहिल्या. आता विमा कंपनीचा सर्वेक्षक येईल, कदाचित न्यायाधिकरणात तारखा पडतील, दोषाची वाटणी निम्मी-निम्मी होईल किंवा मुलाच्या वाट्याला अधिक येईल. मोटारीचे डावे दार बदलावे लागणार आहे आणि मुलाची परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे.