आरपार गेली, यात कसली शेखी?

रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी आजोबांचे मित्र जमले की शिकारीच्या गप्पा रंगायच्या. "तीनशे पावलांवरून सांबर मारलं! गोळी आरपार!" आम्ही पोरं आ वासून ऐकायचो. आजोबा मात्र गप्प.

पुढे त्यांनीच समजावलं. मऊ शिशाच्या टोकाची गोळी जवळून लागली की वेगामुळे छत्रीसारखी उघडते. आत कमी शिरते, पण जनावर बहुधा जागीच पडतं. लांबून मारली की वेग उतरलेला असतो, गोळी नीट उघडत नाही. मग ती आरपार जाते, भोक बारीक पडतं आणि जनावर जखमी होऊन रानात तडफडतं. पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी तर उघडतच नाही. "माझं एक सांबर असंच गेलं. दोन दिवस शोधलं, सापडलं नाही," एवढंच म्हणाले.

म्हणून मला वाटतं, 'आरपार' ही फुशारकी नव्हेच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम बसला, होळकरांचं शिकारीचं रालामंडल आज अभयारण्य आहे, हे बरंच झालं. नातवंडांना तिथे न्याल तेव्हा पराक्रमासोबत घरातलं असं न सापडलेलं सांबरही सांगा.