कर्जाचा कागद आणि संघटनेचे बळ

स्त्रिया, दलित व अल्पसंख्य यांच्या उद्योगांना साह्य करण्याच्या घोषणांची उणीव कधीच नव्हती. २०१६ साली केंद्राने आणलेल्या 'स्टँड-अप इंडिया' योजनेत प्रत्येक बँक-शाखेने किमान एका स्त्रीस आणि अनुसूचित जाती-जमातींतील किमान एका व्यक्तीस नव्या उद्योगासाठी १० लाख ते १ कोटी रुपयांचे कर्ज द्यावे, असे ठरले. हेतू स्तुत्य होता. परंतु जिची नड काही हजारांची आहे, तिची दखल या हिशेबात कोठेच नव्हती.

मुंबईच्या गिरणगावातील खाणावळवाल्यांचा अनुभव येथे आठवावा. कामगारांकडून पैसे महिन्याने मिळत, चूल मात्र रोज पेटवावी लागे. म्हणून वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांत त्यांची कमाई आटत असे. १९६९ साली मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी तारण नसलेल्या बाईला बँकेची पायरी आपोआप चढता आली नाही. १९७५ साली कामगार चळवळीतील प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. बाया एकमेकींना जामीन राहिल्या आणि मग बँकेचे दार उघडले. पुढे मंडळाने सामुदायिक स्वयंपाक करून बाहेर जेवण पुरविण्याचे कामही उभारले. म्हणजे कर्जाच्या आधी संघटना आली, आणि कर्जानंतर बाजारपेठही संघटनेनेच मिळवून दिली.

अल्पसंख्यांपुढे आणखी एक भिंत आहे. काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे भाग कर्जासाठी प्रतिकूल ठरवून टाकल्याचे सच्चर समितीने २००६ सालच्या अहवालात नोंदविले. जेथे माणसाची पत त्याच्या पत्त्यावरून ठरते, तेथे एकट्याने केलेला अर्ज काय टिकणार?

बाजारपेठेचा प्रश्नही असाच आहे. केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करावी, त्यात ३ टक्के वाटा स्त्रियांच्या उद्योगांचा असावा, असा दंडक २०१८ साली झाला. परंतु निविदा कशी भरावी, अनामत माफ आहे की नाही, थकलेले बिल कोणाकडे मागावे, हे सांगणारा कोणी नसेल तर हा वाटा कागदावरच राहतो. किंवा बाईच्या नावावर पुरुषच तो पदरात पाडून घेतो.

समाजवादी कार्यकर्त्यांनी 'उद्योजक' हा शब्द ऐकताच नाक मुरडू नये. स्वतःच्या श्रमावर खाणावळ वा शिलाईयंत्र चालविणारी बाई भांडवलदार नव्हे. ती मालक नसलेली, पण मालकाचा सारा धोका पत्करणारी कामगारच आहे. तिच्यासाठी वस्तीवस्तीत परस्पर हमीचे गट बांधावेत, कच्चा माल एकत्र खरेदी करावा, नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण बँकेकडून लेखी मागावे आणि सरकारी खरेदीचा हिशेब दरवर्षी जाहीरपणे विचारावा. हे काम सभेतल्या ठरावाने होणार नाही. त्यासाठी बँकेच्या खिडकीपर्यंत तिच्याबरोबर चालत जावे लागेल.